सफारीत मोबाइल बंद: पहिल्या कॅमेऱ्यासाठी परवडणारी झूम लेन्स कशी निवडाल?

१७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेट प्रकरणाच्या निकालात व्याघ्र पर्यटनावर अनेक निर्बंध घातले. गाभा क्षेत्रातल्या पर्यटन विभागात मोबाइल वापरायला मनाई, हा त्यातलाच एक. महाराष्ट्रात हा विषय त्याआधीच तापला होता. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या सफारी मार्गावर एफ-२ वाघीण आणि तिच्या बछड्यांना गाड्यांनी घेरलं होतं. व्हिडिओ फिरले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

तेव्हापासून आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी या पट्ट्यातले मित्र मला एकच प्रश्न विचारतात: "कॅमेरा आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे, पण वाघ ठिपक्याएवढा दिसतो. स्वस्तात कोणती झूम घेऊ?"

आपल्याकडे हा प्रश्न सफारीपुरता नाही. इथे वाघ बघायला तिकीट लागत नाही. तीन जिल्ह्यांत १३ माणसांचा जीव घेणारा सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्या जंगलातच जेरबंद झाला. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून आलेला रानटी हत्तींचा कळप धानाच्या बांध्यांत उतरतो आणि मोबाइल घेऊन बघ्यांची गर्दी धावते. ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या आबापूरच्या जंगलात हत्तीसोबत सेल्फी घेण्याच्या प्रयत्नात एका तरुण मजुराचा जीव गेला. म्हणून मी लेन्सकडे आधी एकाच नजरेने बघतो: ती मला प्राण्यापासून किती लांब राहू देते?

अंतराचं गणित

सूत्र सोपं आहे. लेन्सची फोकल लेंथ गुणिले प्राण्याची उंची, भागिले अंतर. उत्तर म्हणजे सेन्सरवर पडणाऱ्या चित्राची उंची. कॅनन १५००डीसारख्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण १५ मिमी उंच असतो.

एक मीटर उंचीचा वाघ ३० मीटरवर आहे असं धरा. ५५ मिमीवर तो फ्रेमच्या उंचीचा जेमतेम १२ टक्के भाग व्यापतो. २५० मिमीवर ५६ टक्के, ३०० मिमीवर ६७ टक्के.

आता अडीच मीटर उंचीचा हत्ती घ्या, १०० मीटरवर. २५० मिमीची लेन्स तो फ्रेमच्या ४२ टक्के उंचीचा दाखवते. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात, डिजिटल झूम न वापरता, तेवढाच मोठा हत्ती हवा असेल तर तुम्हाला त्याच्यापासून सहा-सात मीटरवर जावं लागेल. स्वस्त झूम लेन्सची खरी किंमत या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

'एक्स'च्या आकड्याला भुलू नका

दुकानात "किती एक्स झूम?" हा पहिला प्रश्न असतो. पण एक्स म्हणजे फक्त मोठी फोकल लेंथ भागिले लहान. १८-५५ लेन्स ३एक्स, ५५-२५० साडेचार एक्स, ७०-३०० सव्वाचार एक्स. म्हणजे एक्स कमी असूनही ७०-३०० जास्त लांबचं जवळ आणते. बघायचा तो शेवटचा आकडा.

आणि २५० की ३००, यावर रात्र जागवू नका. ३०० मिमीने ३० मीटरवरून जे दिसतं, तेच २५० मिमीने २५ मीटरवरून दिसतं. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत एवढी कसर कडा कापून भरून निघते.

पैसे स्थिरीकरणावर खर्च करा

लेन्स जितकी लांब, तितका हात हलल्याचा परिणाम मोठा. ढोबळ नियम असा की २५० मिमीवर हाताने फोटो काढायला शटर १/४०० सेकंद तरी हवं. पण सकाळी सहाच्या उजेडात, साग-बांबूच्या सावलीत, एफ/५.६ च्या लेन्सला एवढं शटर परवडत नाही. इथे स्थिरीकरण कामी येतं. कॅनन त्याला आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी. कॅनन ५५-२५० एसटीएमचा दावा साडेतीन स्टॉपचा आहे, म्हणजे कागदावर १/४०० ऐवजी १/४० च्या आसपास चालतं.

मर्यादाही समजून घ्या. स्थिरीकरण तुमचा हात सावरतं, चालता वाघ थांबवत नाही. त्याच्यासाठी १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा आणि आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत बिनधास्त वाढवा. फोटोत थोडे दाणे दिसले तर चालतात, हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही. जिप्सीचं इंजिन बंद झाल्यावरच क्लिक करा. ट्रायपॉडऐवजी कापडी थैलीत दोन किलो तांदूळ भरून जिप्सीच्या कडेवर ठेवा आणि त्यावर लेन्स टेकवा. आपल्याकडे तांदळाची कमी नाही.

कोणत्या बॉडीला कोणती?

बजेट १५ हजारांच्या आत धरलं आहे, म्हणजे बहुतेक वेळा जुनी, वापरलेली लेन्स. कंपन्या आणि हौशी लोक मिररलेसकडे वळल्यामुळे डीएसएलआरच्या चांगल्या लेन्स आता वापरलेल्या बाजारात सहज येतात. नवशिक्यासाठी ही चांगली बातमी आहे.

कॅननची १५००डी किंवा तिच्या आधीची बॉडी असेल तर ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम घ्या. वजन ३७५ ग्रॅम, फोकस शांत आणि जलद. स्वस्त म्हणून ७५-३०० ची तिसरी आवृत्ती गळ्यात मारली जाते, तिच्यात स्थिरीकरण नाही. ती टाळा.

निकॉनची डी३५०० किंवा डी५६०० असेल तर एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर. इथे एक खाच आहे: याच नावाची व्हीआर नसलेली आवृत्तीही बाजारात आहे आणि दोन्ही दिसायला सारख्याच. नावात व्हीआर लिहिलंय का ते बघूनच पैसे द्या. शिवाय डी३१०० किंवा डी५१०० सारख्या जुन्या बॉडीवर एएफ-पी लेन्स चालत नाही. तिथे एएफ-एस मालिकेतली ५५-२०० किंवा ५५-३०० व्हीआर शोधा.

टॅमरॉनच्या ७०-३०० मध्येही तोच नियम. व्हीसी नसलेली सगळ्यात स्वस्त मिळते, पण भर दुपारी आणि बसलेल्या पक्ष्यापुरतीच ती बरी.

कॅनन आर५० सारखी मिररलेस बॉडी असेल तर त्यांची आरएफ-एस ५५-२१० आहे, पण तिची लांबची बाजू एफ/७.१, म्हणजे उजेड कमी. ॲडॉप्टर लावून वर सांगितलेली ५५-२५० तिच्यावर छान चालते. ॲडॉप्टरचे पैसे मात्र हिशोबात धरा.

जुनी लेन्स हातात घेतल्यावर

मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा आणि समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. स्वतःच्या बॉडीवर लावून लहान आणि मोठ्या दोन्ही टोकांना फोकस तपासा. स्थिरीकरण चालू आणि बंद करून मंद शटरवर दोन फोटो काढा, फरक दिसलाच पाहिजे. घरी आणल्यावर पावसाळाभर ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. वैनगंगेकाठच्या दमट हवेत कपाटातली कॅमेऱ्याची बॅग म्हणजे बुरशीला आवतणच.

सरावाला ताडोबा लागत नाही

हिवाळ्यात गावच्या तलावावर किंवा बोडीवर जा. ३० सेंटीमीटरचा पक्षी २० मीटरवर असेल तर २५० मिमीवर तो फ्रेमच्या पाव उंचीएवढा येतो. पंधरा दिवसांत हात बसतो. सफारीला जाण्याआधी त्या गेटचे कॅमेऱ्याबाबतचे नियम आणि शुल्क बुकिंगच्या वेळीच बघून घ्या.

या सगळ्यातून एकच नियम लक्षात ठेवायचा तर हा: फोटो लहान येत असेल तर घरी कॉम्प्युटरवर कापून मोठा करा. गाडीतून उतरून किंवा बांधावरून पुढे सरकून तो मोठा करायचा नाही. १०० मीटरवरचा हत्ती ५५-२५० मध्ये पुरेसा मोठा दिसतो, आणि तेवढ्या अंतरात त्याला आपली वाट मोकळी राहते, आपल्याला आपली.