सरप्राइज ट्रिप? आधी विचारा तर खरं!

फेब्रुवारी लागला की कॉलेजच्या कट्ट्यावर दोनच विषय असतात. एक सबमिशन, दुसरा 'कुठे जायचं?' पहाटे अजून स्वेटर लागतो, दुपारी मात्र ऊन चटकायला लागलेलं असतं. पुढे परीक्षा आणि उन्हाळा एकदमच अंगावर येणार. त्यामुळे जोडीनं कुठेतरी जाऊन यायचं तर हेच दोन-तीन आठवडे हातात आहेत, यावर सगळ्यांचं एकमत. घोळ होतो तो पुढे. एकानं गुपचूप रील्स बघून जागा ठरवायची, बुकिंग करून टाकायचं आणि दुसऱ्याला फक्त 'बॅग भर' म्हणून सांगायचं. याला म्हणे सरप्राइज म्हणतात आणि हेच म्हणे सगळ्यात रोमँटिक.

मला नाही पटत. आपल्या वयात, आपल्या बजेटमध्ये आणि आपल्या घरांमध्ये सरप्राइज ट्रिप म्हणजे एकानं घेतलेला निर्णय आणि दुसऱ्यानं उचललेली जोखीम.

साधी गोष्ट आधी. रील कधी शूट झालंय ते रीलवर लिहिलेलं नसतं. कासचं पठार फुलतं ते साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. भंडारदऱ्याचे काजवे मेअखेर ते जूनमधले. लोणावळ्याचे धबधबे पावसाळ्यातले. फेब्रुवारीत तिथे गेलात तर वाळलेलं गवत आणि कोरडा कातळ बघून परत याल. या दिवसांचं सुख वेगळं आहे. महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरीचा हंगाम चालू असतो. घाटात पळस पेटायला लागतो. माथेरानमध्ये गाड्यांना बंदी, त्यामुळे लाल मातीच्या रस्त्यांवरून हॉर्नशिवाय चालता येतं. दोघांनी मिळून शोधलं असतं तर यातलं एखादं तरी सापडलं असतं की!

आता खरा मुद्दा, मुक्कामाचा. दोघंही १८ वर्षांच्या पुढचे असाल, तर लग्न न झालेल्या जोडप्यानं हॉटेलच्या खोलीत राहू नये, असा कोणताही कायदा आपल्या देशात नाही. मद्रास उच्च न्यायालयानं २०१९मध्ये हे स्पष्टच सांगितलंय. पण कायदा एकीकडे आणि रिसेप्शनचं काउंटर दुसरीकडे. ऑगस्ट २०१५मध्ये मुंबईत मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे टाकून पोलिसांनी सुमारे ४० जोडप्यांना पोलीस ठाण्यात नेलं होतं. त्यावर भरपूर टीका झाली, पण त्या जोडप्यांची व्हायची ती शोभा झालीच. जानेवारी २०२५मध्ये ओयोनं मेरठपासून नवा नियम आणला, जोडप्याला नात्याचा पुरावा मागण्याचा. 'लोकल आयडी चालणार नाही' हे वाक्य तर कित्येकांनी काउंटरवरच पहिल्यांदा ऐकलंय. आणि असं झालं की काउंटरमागचा माणूस आयडी त्याचं बघतो, नजर मात्र तिच्यावर असते.

ट्रिपचं घरी कळलं, तर दोघांना सारखीच शिक्षा होते का? त्याला शिव्या बसतील, फार तर बाइकची चावी काढून घेतील. तिचं हॉस्टेल सुटू शकतं, कॉलेज थांबू शकतं, 'स्थळं बघायला घ्या' सुरू होऊ शकतं. हे चूकच आहे आणि ते बदलायलाच हवं. पण ते बदलेपर्यंत ही जोखीम घ्यायची की नाही, हे तिनंच ठरवायला नको का? सरप्राइजमध्ये नेमकं तेच ठरवायचं राहून जातं.

त्यात पैशाचं दडपण वेगळंच. एकानं चार-पाच हजार भरून टाकले की दुसऱ्याला 'नको' म्हणणं अवघड होतं. ट्रिपला नको, मुक्कामाला नको, एकाच खोलीला नको, काहीही म्हणायचं तर आधी त्या बुकिंगचा विचार मनात येतो. मुली सरप्राइज देतात तेव्हाही हेच होतं. खिशात काही नसलेला मुलगा बरोबरी करण्यासाठी रूममेटकडून उसने घेतो आणि महिनाभर मेसमध्ये तोंड लपवतो.

म्हणून जागा निवडण्याआधी तीन प्रश्न दोघांनी मिळून सोडवा. बिनसलं, तर तिथून एकट्यानंही परत येता येईल का? खर्च दोघांना झेपणारा आहे का? आणि आपण नक्की कुठे आहोत, हे निदान एका भरवशाच्या मैत्रिणीला किंवा मित्राला माहीत आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' आलं की जागा कुठलीही चालेल. मुक्काम करायचाच असेल, तर हॉटेलला आधी फोन करून सरळ विचारा. आणि चौदा तारखेच्या आसपासचा वीकेंड सोडा, दर तेव्हाच चढलेले असतात.

पुण्यातल्यांसाठी माझं मत भिगवणला. शहरापासून साधारण शंभर किलोमीटर. उजनीचं पाणी ओसरून चिखल उघडा पडायला लागला की तिथे रोहित पक्षी उतरतात. पहाटे निघायचं, कुंभारगावातून होडीनं पक्षी बघायचे, दुपारी माशाचं ताट हाणायचं आणि संध्याकाळी घरी. ना खोलीची कटकट, ना आयडीची. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे होडीच्या भाड्याला तेवढाच हातभार!

'मग यात थ्रिल काय राहिलं?' असं कुणीतरी म्हणणारच. सरप्राइज द्या ना, कोण नाही म्हणतंय? थर्मासमध्ये तिच्या आवडीची कॉफी न्या, त्याला हवं असलेलं पुस्तक बॅगेत लपवून न्या. अशा सरप्राइजला समोरचा हसत हसत 'नको' म्हणू शकतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण कुठे जायचं, किती वेळ आणि मुक्काम करायचा की नाही, हे दोघांनी बोलूनच ठरवा. एवढंसं बोलायलाही अवघडल्यासारखं होत असेल, तर ट्रिपला थोडं थांबा. आधी कॉलेजच्या टपरीवर चहाला बसा.