नागपूर की पुणे? आसगावही हिशेबात धरा

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या आसगावसारख्या, चौरास या धानपट्ट्यातल्या गावांमधून शिकायला नागपूरला गेलेली मुलं-मुली आता तिथेच नोकरीला लागली आहेत आणि त्यांच्यापुढे नवा पेच आहे: नागपुरातच राहायचं की पुणं गाठायचं? याचा हिशेब घरोघरी दोन रकाने आखून होतो. पगार, घरभाडं, मुलांची शाळा, जाण्यायेण्याचा वेळ. पुण्यात भाडं जास्त आणि हिंजवडीच्या कोंडीत तास जातात, तरी पगाराच्या जोरावर बाकी बहुधा पुण्याकडेच झुकते. हिशेब खोटा नाही, अपुरा आहे. गावात धानाची शेती आणि म्हातारे आईवडील असलेल्या घराला ही दोन शहरं एका मापाने मोजता येत नाहीत. नागपूरचा माणूस शनिवारी आसगावला येऊन रविवारी परत जाऊ शकतो. पुण्याचा दिवाळीला येतो, नाहीतर मयतीला.

धान दुरून पिकत नाही. मृगात पऱ्हे टाकायचे, पाऊस साधून रोवणी उरकायची, बांध्यांतल्या पाण्यावर रोज नजर ठेवायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी. उन्हाळी धान घेतलं तर हेच सगळं पुन्हा. मजूर मिळेनासे झाले की नागपूरहून दोन दिवसांची रजा टाकूनही रोवणीला हातभार लावता येतो. पुण्याहून निघाल्यास तेवढी रजा प्रवासातच संपते. मग शेत ठेक्याने दिलं जातं, तेही तोंडी, कारण लिहून दिलं तर विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्यात जमीन अडकेल अशी धास्ती असते. धान खरेदी केंद्रावरची नोंदणी मात्र सातबाऱ्यावर होते आणि सरकारने हेक्टरी बोनस जाहीर केला तर तो मालकाच्या खात्यात पडतो. राबणाऱ्याच्या हाती काय येईल, ते मालकाच्या भलेपणावर. पिकाची नोंद करायची ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर आली, तरी फोटो शेतात उभं राहूनच काढायचा असतो, तेव्हा तेही राबणाऱ्यावरच येतं. म्हणजे पुण्याला जाण्याची काही किंमत असा माणूस मोजतो, ज्याला त्या निर्णयात कुणी विचारलेलंच नसतं.

यावर कुणी म्हणेल, अंतर आता राहिलंय कुठे? ऑगस्ट २०२५ मध्ये नागपुरातल्या अजनीहून पुण्याला वंदे भारत सुरू झाली, हे खरं. पण तिलाही सुमारे बारा तास लागतात, आणि अजनीला उतरल्यावर आसगाव उरतंच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: नागपुरात हव्या त्या कामाच्या जागाच नसतील तर राहायचं कशासाठी? जागा कमी का, तर १९५६ मध्ये नागपूरचं राजधानीपण गेलं आणि त्यासोबत सचिवालयाच्या नोकऱ्याही. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा कबूल केला होता. त्यातलं दरवर्षी डोळ्यांना दिसतं ते विधिमंडळाचं नागपुरातलं हिवाळी अधिवेशन. नागपूरच्या मिहान प्रकल्पात मोठ्या आयटी कंपन्या आल्या, तरी पुण्यासारखी एक नोकरी सोडून शेजारच्या इमारतीत दुसरी धरण्याची सोय अजून तिथे नाही. शिवाय नातेवाइकांच्या नजरेपासून दूर, आपल्या मर्जीने जगता यावं म्हणून लांब जाणाऱ्या मुलीला रोवणीचा दाखला देणं मला तरी शोभत नाही.

तेव्हा माझं म्हणणं सरसकट ‘जाऊ नका’ असं नाही. ज्याचं काम नागपुरात आहे आणि जो थोड्याशा पगारवाढीसाठी निघाला आहे, त्याने आईवडिलांच्या दवाखान्याच्या फेऱ्या आणि पडीक राहणारी बांधी यांची किंमत मांडून पाहावी. पुष्कळांची पगारवाढ तिथेच विरेल. ज्याचं कामच पुण्यात आहे त्याने खुशाल जावं. मात्र जाण्याआधी भावाबहिणींना बसवून शेत कोण करणार, ठेका किती आणि बोनस आला तर तो कुणाचा, हे ठरवून टाकावं. हे बोलणं रोवणीच्या आधी व्हायला हवं, धान केंद्रावर पोचल्यावर नव्हे.