पातळ कवच आणि वाढता उष्मा

उन्हाळ्यात अंड्यांची तूटफूट वाढली की दोष सहसा वाहतुकीतील हयगयीला दिला जातो. त्याचे मूळ मात्र बरेचदा कोंबडीच्या शरीरातच असते. गोव्याला लागणारी बहुतांश अंडी शेजारच्या राज्यांतून घाट उतरून येतात. त्यामुळे कवच पातळ झाले की झळ कुक्कुटपालकाला बसते, तशीच आपल्या बाजारपेठेलाही बसते.

अंड्याचे कवच सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटचे असते. त्यातील कॅल्शियम खाद्यातून व हाडांतील साठ्यातून मिळते. कार्बोनेट मात्र कोंबडीच्या शरीरातील कार्बन डायऑक्साइडपासून घडते. या वायूचे पाण्याशी संयोग होऊन बायकार्बोनेट बनण्याची क्रिया कवचग्रंथीतील कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर अतिशय वेगवान करते. संपूर्ण कवच सुमारे २० तासांत चढायचे असल्याने हा वेग अत्यावश्यक असतो. १९४० च्या दशकात सल्फानिलामाइड दिलेल्या कोंबड्या पातळ कवचाची, तर कधी कवचहीन अंडी घालत असल्याचे आढळले. ते औषध नेमके याच विकराला रोखते.

उष्म्याचा परिणाम वेगळ्या वाटेने होतो. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. ती धापा टाकून शरीर थंड करते. या धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर पडतो आणि विकराला कच्चा मालच अपुरा पडतो. भूक मंदावल्याने कॅल्शियमही घटते. म्हणूनच खाद्यातील कॅल्शियम वाढवणे हा अर्धाच उपाय ठरतो.

शिंपल्यांचा भरड चुरा सायंकाळी देणे हितावह असते, कारण कवच मुख्यतः रात्री घडते. हे विकर जस्ताविना चालत नाही, त्यामुळे खाद्यातील जस्ताकडेही लक्ष हवे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाण्यातून दिलेला खाण्याचा सोडाही उपयोगी पडू शकतो. तरीही खरा उपाय धाप टाळण्याचाच आहे.

मार्च २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्यामुळे गोव्यातील शाळा दुपारपूर्वी सोडाव्या लागल्या होत्या. मुलांसाठी घेतलेली ही दक्षता पत्र्याच्या शेडमधील पक्ष्यांच्या वाट्याला क्वचितच येते. कुक्कुटपालनाला साहाय्य देताना पिल्ले व खाद्य यांच्या जोडीने उष्णतारोधक छप्पर, खेळती हवा आणि थंड पाणी यांचाही खर्च हिशेबात धरला पाहिजे. स्थानिक उत्पादन वाढवायचे असेल, तर सावलीवरील हा खर्च उत्पादनाचाच भाग मानावा लागेल.