बाग राखणाऱ्याच्या पोराला कॉलेज कोणते?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बहुतेक मोठ्या आंबा बागा आज नेपाळी गड्यांच्या जिवावर उभ्या आहेत. पावसानंतरची बेणणी, मोहोरावरची फवारणी, वानरांपासूनची राखण, झेल्याने काढणी, पेट्या भरणे ही सगळी कामे हेच लोक करतात. आपण त्यांना सरसकट 'गुरखा' म्हणतो आणि ठाण्यात त्यांची नोंद दिली की आपले काम संपले असे समजतो. काही जण हंगाम संपला की गावी जातात. पण पंधरा-वीस वर्षे एकाच बागेतल्या खोपीत बिऱ्हाड करून राहिलेलीही कुटुंबे आहेत. त्यांची मुले इथे जन्मली, इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, आपल्या पोरांबरोबर गणपतीत नाचली. आज हा लेख त्या मुलांसाठी आहे.

अशाच एका बागेतला मुलगा. जन्म २००७ चा, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला. पहिलीपासून मराठी माध्यम, बारावी सायन्सला चांगले गुण. बापाबरोबर कलमांत वाढलेला, तुडतुडा कोणता आणि थ्रिप्स कोणती हे पानावरून सांगणारा. त्याला कृषी पदवीला जायचे होते. सेतू केंद्रावर अधिवासाचा दाखला काढायला गेला आणि तिथेच अडला. कारण त्या दाखल्याचे पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' असे आहे. राहण्याची वर्षे भरली होती, राष्ट्रीयत्व भरत नव्हते. बाप मला म्हणाला, "साहेब, पोरगा इथंच जन्मला. नेपाळ त्यानं दोनदा बघितलं. मग तो कुठला?"

यात तहसीलची चूक नव्हती, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. चूक त्याआधीच्या अठरा वर्षांतली आहे आणि तीत आपण सगळे वाटेकरी आहोत.

शाळा विचारत नाही, कॉलेज विचारते

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकासाठी आहे, फक्त नागरिकांच्या मुलांसाठी नाही. म्हणून गुरुजींनी मुलाला पटावर घेतले ते योग्यच केले. पण जनरल रजिस्टरला राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो. तिथे न विचारता 'भारतीय' लिहून टाकायची सवय आपल्याकडे आहे. घरच्यांना वाटते, दाखल्यावर लिहिले म्हणजे झाले. बारावीनंतर कळते की त्या शब्दाला आधार नाही.

दुसरा गैरसमज आधारकार्डाचा. आधार कायदा २०१६ च्या कलम ९ मध्ये साफ म्हटले आहे की आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे. भारतात राहणाऱ्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकते.

तिसरा गैरसमज, 'नेपाळ्याला सगळे चालते' हा. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणूस इथे व्हिसाशिवाय येतो, राहतो, काम करतो. कराराच्या कलम ७ मध्ये राहणे, मालमत्ता, व्यापार, येणेजाणे आणि तत्सम इतर सवलती असे शब्द आहेत. शिक्षणाचा वेगळा उल्लेख नाही आणि नागरिकत्व तर त्या कराराने मिळतच नाही.

जन्मतारखेवर सगळे आहे

नागरिकत्व कायदा १९५५ चा आहे, पण मध्ये दोनदा नियम बदलला. सरपंच, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि मुख्याध्यापकांनी हे तीन टप्पे लिहूनच ठेवावेत:

- २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस सर्वसाधारणपणे जन्मानेच भारतीय, आईबाप कुठलेही असोत.
- १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळात जन्मलेल्याच्या आई किंवा वडिलांपैकी एक जण भारतीय हवा.
- ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्याचे आईवडील दोघे भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा.

आता हे नीट वाचा. बाप नेपाळी आणि आई आपल्याच गावची असेल, तर मूल भारतीय आहे. फक्त आईचे कागद आणि लग्नाची नोंद पाहिजे. बाप स्वतः १९८३ साली इथल्या बागेत जन्मला असेल, तर गाव त्याला गुरखा म्हणो, कायद्याने तो भारतीय आहे आणि त्याचे पोरही. पण त्याच्या जन्माची नोंद कुठे आहे का? बहुतेकांची नसते. खोपीतली बाळंतपणे कोणी लिहिलीच नाहीत. हक्क असूनही तो सिद्ध करता येत नाही, अशी घरे यात सापडतील.

आज करता येण्यासारखे

पहिले, जन्मनोंद. बाळ खोपीत जन्मो की दवाखान्यात, २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद झालीच पाहिजे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळा-कॉलेज प्रवेशाला जन्मदाखला हाच मुख्य कागद आहे. दाखल्याने नागरिकत्व मिळत नाही, पण त्याच्याशिवाय पुढचे काहीच सिद्ध होत नाही.

दुसरे, मूल आठवी-नववीत असतानाच घरची चौकशी करावी. दोघे आईबाप नेपाळी असतील तर मुलाने सोळा वर्षे पूर्ण होताच आईबापाच्या जिल्ह्यातून नेपाळी नागरिकता काढून घ्यावी. नाही तर तो दोन्हीकडे बिनकागदाचा राहील. तो कागद हाती असेल तर नेपाळच्या कॉलेजांचा रस्ता मोकळा होतो. चितवनला रामपूर येथे त्यांचे कृषी विद्यापीठ आहे. इकडेही काही संस्थांत परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा असतात, पण तिथले शुल्क गड्याच्या पगारात बसणारे नाही.

तिसरे, जे कुटुंब इथेच कायमचे राहणार, त्यातल्या कर्त्याने नागरिकत्वासाठी रीतसर अर्ज करावा. साधारणपणे बारा वर्षांचा वैध रहिवास लागतो. बाप नागरिक झाला तर अज्ञान मुलांची नोंदणी करता येते, पण मूल अठराचे व्हायच्या आत. नेपाळ दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, हा विचारही त्याने आधी करावा. बारा वर्षांचा पुरावा कोण देणार? बागमालकाने दरवर्षी दिलेली लेखी नोंद आणि पगाराची पावती. मालक मंडळींनी एवढे तरी करावे.

चौथे, आणि हे हात जोडून सांगतो: खोटे कागद करू नका. 'ओळखीने' मतदार यादीत नाव घालणे, गावच्या माणसाला बाप दाखवणे, असले प्रकार कानावर येतात. हा गुन्हा आहे. एकदा सापडला की मुलाचा रीतसर रस्ताही बंद होतो आणि दाखला देणारा गावकामगारही अडकतो.

सरकारने काय करावे

माझे म्हणणे असे, की ज्याने पहिली ते बारावी महाराष्ट्रात केली, त्याला कृषी पदविका आणि पदवीला स्थानिक शुल्कात मंजूर जागांच्या वर प्रवेश द्यावा, मग आईबाप नेपाळी असले तरी. पुरावा म्हणून शाळेचे जनरल रजिस्टर आहेच.

यावर दोन आक्षेप येतील. आमच्याच पोरांना जागा मिळत नाहीत, हा पहिला. तो खरा आहे, म्हणूनच 'जागांच्या वर' म्हणतो. कोणाची जागा जाणार नाही. उद्या कोणीही येईल, हा दुसरा. बारा वर्षे मराठी शाळेत बसणारा 'कोणीही' नसतो. तो सीमा ओलांडून आलेला नाही, त्याचा बाप आला, आणि तोही आपण बोलावला म्हणून.

नियमाला मुरड घालणे सरकारला नवे नाही. कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागातून दहावी-बारावी झालेल्या मराठी मुलांना आपण आपले मानून प्रवेशाला पात्र धरतो, आणि ते योग्यच आहे. केंद्राच्या कित्येक नोकऱ्यांच्या जाहिरातीत 'भारतीय नागरिक किंवा नेपाळची प्रजा' असे छापलेले असते. नोकरीला जो चालतो, तो शिकायला का चालू नये?

त्या मुलाने सध्या बापाबरोबर फवारणीचा पंप पाठीला लावला आहे. औषधाचे प्रमाण तो मालकापेक्षा बरोबर काढतो. मालकच म्हणतो, "हा शिकला असता तर मला सल्ल्याला लांब जावं लागलं नसतं." त्याची वेळ गेली. पण त्याच बागेत त्याची धाकटी बहीण सातवीत आहे. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी आणि गावच्या ग्रामसेवकांनी या आठवड्यात रजिस्टर उघडून पाहावे. तिच्यासाठी अजून पाच वर्षे हातात आहेत.