मालक, तुम्ही बॉक्समध्येच बसा!

मंडळी, या वीकेंडला जरा तिखट लिहितोय. विषय आहे क्रिकेट संघांचे मालक आणि त्यांच्या तथाकथित ‘पॅशन’चं आपल्यासारख्या नोकरदारांना वाटणारं कौतुक.

८ मे २०२४, हैदराबाद. लखनौ सुपर जायंट्सच्या १६५ धावा हैदराबादनं ९.४ षटकांत एकही गडी न गमावता पार केल्या. मानहानीच होती ती, वादच नाही. पण सामना संपल्यावर मालक संजीव गोएंका मैदानावरच कर्णधार के. एल. राहुलला सुनवायला लागले. आवाज ऐकू आला नाही, पण हातवारे अख्ख्या देशानं पाहिले. यावर ठरलेलं उत्तर तयार असतंच: “७०९० कोटी मोजलेत बॉस, बोलणारच ना!”

का बरं? पैसे मोजून संघ मिळतो. चारचौघांत माणसाचा पाणउतारा करायचा परवाना त्यात येत नाही.

आपल्या पुण्यालाही हे नवीन नाही. २०१७ साली रायझिंग पुणेनं धोनीचं कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला दिलं. मालक हेच. तो निर्णय मला मान्य आहे. कर्णधार बदलणं हा त्यांचा हक्क, आणि संघ फायनलला एका धावेनं हरला, म्हणजे निर्णय वाईट नव्हताच. पण त्याच मोसमात मालकांचे बंधू हर्ष गोएंका ट्विटरवर धोनीला टोमणे मारत बसले. त्यानं किती धावा वाढल्या म्हणे?

या जातीचा मूळपुरुष अमेरिकेत सापडतो. बेसबॉलच्या न्यूयॉर्क यांकीज संघाचा मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर. १९७३ मध्ये संघ घेताना म्हणाला होता की रोजच्या कारभारात लक्ष घालणार नाही. मग बिली मार्टिन या एकाच मॅनेजरला त्यानं पाच वेळा नेमलं आणि पाचही वेळा घालवलं! १९७७ आणि ७८ ला विजेतेपदं मिळाली, हे खरंय. पण नंतर १८ वर्षं दुष्काळ. १९९० मध्ये एका प्रकरणात त्याच्यावर बंदी आली, आणि त्या काळात जीन मायकल या जाणकारानं शांतपणे तरुण पोरं सांभाळली. १९९६ पासून पाच वर्षांत चार विजेतेपदं आली, ती याच पायावर. मालक घरी बसला तेव्हा संघ उभा राहिला, घ्या!

आता घरचं उदाहरण. आमच्या विदर्भाला आयपीएलचा संघ नाही, कोटींचा मालकही नाही. साठ वर्षं रणजीत धडपडून २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा करंडक जिंकला. रजनीश गुरबाणीनं फायनलमध्ये हॅटट्रिक घेतली, आणि तो चक्क सिव्हिल इंजिनिअर! कोच चंद्रकांत पंडित काही मवाळ माणूस नव्हे, महाकडक. म्हणजे प्रश्न कडकपणाचा नाहीच. पंडितांची ती कडक शिस्त होती सरावाची आणि खेळ कळणाऱ्याची. हरल्यावर कॅमेऱ्यासमोर दाखवायचा तोरा नव्हता तो.

आमच्या वाशिमकडे शेत बटईनं दिलं की मालक रोज धुऱ्यावर येऊन उभा राहत नाही. सोयाबीन गेलं म्हणून गावासमोर बटईदाराला झापलं, तर पुढच्या वर्षी चांगला माणूस त्या शेताला हात लावत नाही. राहुलनं तेच केलं, दिल्लीला गेला. लखनौनं पंतला २७ कोटींना घेतलं, आणि २०२४ मध्ये सातवा असलेला संघ २०२५ मध्येही सातवाच राहिला.

हे सगळं क्रिकेटपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण रिलीजच्या रात्री खुर्चीमागे उभं राहून ओरडणाऱ्या बॉसला आपणच ‘हँड्स-ऑन’ म्हणतो, आणि उद्या टीम लीड झालो की तेच करतो. हिशोब मागा, जरूर मागा. पण दार लावून. आणि ज्याला काम कळतं, त्याला ते करू द्या.