डब्यातली लोकर आणि वहीतले तास

तुमच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवलेल्या रील्स एकदा उघडून बघा. दहातली एक तरी क्रोशाची निघेल. लोकरीची सूर्यफुलं, इवलीशी मधमाशी लटकवलेलं कीचेन, बकेट हॅट, खांद्यावरची झोळी. बघताना वाटतं, अरे, हे तर आपल्यालाही जमेल! मग सुयांचा संच मागवला जातो, पाच रंगांच्या गुंड्या येतात आणि पहिला आठवडा जोरात जातो. दुसऱ्या महिन्यात तीच लोकर हॉस्टेलच्या कॉटखाली, कॅरीबॅगमध्ये, इअरफोनच्या वायरीशी गुंता करून पडलेली असते.

हसू नका. अशी एक पिशवी आमच्याकडेही होती. आजचा विषय तीच पिशवी आहे.

खरं तर क्रोशा आपल्याकडे रीलमधून आलेला नाही. आजीच्या घरी दाराचं तोरण, देव्हाऱ्यातला रुमाल, पाण्याच्या तांब्यावरचं झाकण बघितलं असेल. टीव्हीवरही क्रोशाचं कव्हर असायचं. टीव्ही भिंतीवर गेला आणि कव्हर ट्रंकेत गेलं. लग्नाच्या रुखवतात क्रोशाचे रुमाल मांडलेले असत आणि पाहुण्या बायका ते उलटे करून मागची बाजू तपासत. मुलीचा ‘हात’ कसा आहे ते कळायचं म्हणे. आता रुखवत तयार मिळतं. ते गेलं याचं आम्हाला फार दुःख नाही, कारण त्यात मुलीची परीक्षाच जास्त होती. पण त्याबरोबर घरातली शिकवणारी माणसंही गप्प झाली. तेव्हा व्हिडिओ जरूर बघा, पण आधी घरात विचारा. मामी, आत्या, शेजारच्या काकू, कुणाच्या तरी बोटांत हे अजून शिल्लक असतं. बोट धरून ‘इथून दोरा घे’ म्हणणारं माणूस अर्ध्या तासात जे शिकवतं, ते व्हिडिओ थांबवून थांबवून चार दिवसांत शिकावं लागतं.

सुरुवातीला विकत घेण्यासारखं फारच थोडं आहे. चार मिलिमीटरची एक सुई आणि मध्यम जाडीची, फिक्या रंगाची एक गुंडी. काळा रंग नको, त्यात टाके दिसत नाहीत. केसाळ, फुगीर लोकर नको, ती उसवत नाही. सुईचा आकडा तिच्या दांड्यावरच कोरलेला असतो. बाजारात जिला आपण लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते, म्हणून तिच्यावर गरम इस्त्री ठेवू नका, वितळते. आणि आणखी एक, आपल्या धाराशिव जिल्ह्यात थंडी किती? मफलर वर्षातून जेमतेम दीड महिना गळ्यात असतो. तेव्हा हात बसला की सुती दोऱ्याकडे वळा. पाण्याच्या बाटलीची जाळीदार पिशवी, मोबाइलचं कव्हर, उन्हाची टोपी. एसटीतून रोज ये-जा करणाऱ्याला बारा महिने लागतील अशा वस्तू.

टाके मोजून तीनच आधी शिका. सरकती गाठ मारायची आणि साखळी घालायची. साखळी सैल हवी, नाहीतर दुसऱ्या ओळीत सुई आत शिरत नाही आणि माणूस वैतागतो. मग मुका खांब, म्हणजे बुटका, घट्ट टाका. मग खांब, सुईवर एक वेढा जास्त घेऊन घातलेला उंच टाका. या तिघांवर बरंच काही निभतं. व्हिडिओवरून शिकणाऱ्यांनी एक घोळ मात्र लक्षात ठेवा. अमेरिकी पद्धतीत ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत ‘डबल क्रोशे’ म्हणतात. नमुना कुठल्या पद्धतीचा आहे हे न बघता सुरुवात केली तर टोपी होईल, पण ती नारळाला बसेल.

आमचं पहिलं मफलर त्रिकोणी झालं होतं. प्रामाणिकपणे रोज दोन ओळी विणल्या, आणि प्रत्येक ओळीत शेवटचा एक टाका सुटत गेला. वीस टाक्यांचे अकरा झाले तेव्हा कळलं. उपाय साधा होता: ओळ संपली की टाके मोजायचे आणि पहिल्या-शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवायची. उलट चूकही होते. टाके वाढत गेले की कापडाला झालरीसारख्या लाटा येतात. या ‘चुकी’चा दायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी फार सुंदर उपयोग केला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवताना त्यांनी १९९७ मध्ये ठरावीक हिशेबाने टाके वाढवत क्रोशाचे नमुने विणले. भूमितीतलं हायपरबोलिक प्रतल, जे कागदावर नीट दाखवता येत नाही, ते विद्यार्थ्यांना हातात धरता आलं. एमएस्सी मॅथ्सवाल्यांनी नोंद घ्यावी.

चुकलं तर घाबरायचं कारण नाही. दोन सुयांच्या विणकामात सुईवर टाक्यांची रांग असते, एक निसटला की खाली घरंगळतो. क्रोशात बहुतेक वेळा एकच फास उघडा असतो. चूक जिथे आहे तिथपर्यंत दोरा ओढा, उसवा, पुन्हा सुरू करा. गुंडी तीच, खर्च शून्य.

आता पिशवी. आमचं मत असं की क्रोशा अवघड वाटून सोडणारे कमी. गुंता बघून सोडणारे जास्त. अभ्यासिकेतून दमून आल्यावर हातात वीस मिनिटं असतात. त्यातली पंधरा सुई शोधण्यात आणि गाठी सोडवण्यात गेली की दुसऱ्या दिवशी पिशवीकडे हात जात नाही. म्हणून सुयांना जुनी कंपासपेटी द्या. सुया, छोटी कात्री, सेफ्टी पिना आणि जाड नेढ्याची सुई त्यात आरामात मावते. लोकरीला बिस्किटांचा पत्र्याचा डबा किंवा बुटांचा खोका. गावाकडच्या घरात उंदरांचा विचार करून पत्र्याचाच बरा. अस्सल लोकर असेल तर कसर लागते, कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. विणायला घेतलेली गुंडी झाकणाला भोक पाडलेल्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवली की दोरा भोकातून येतो आणि गुंडी खोलीभर पळत नाही.

गुंडीवरचा कागद फेकू नका. त्यावर रंगाचा क्रमांक असतो, शिवाय लॉट नंबर. क्रमांक तोच पण लॉट वेगळा असेल तर छटा किंचित बदलते. दुकानात दिसत नाही, अर्ध्या विणलेल्या झोळीवर मात्र पट्टा स्पष्ट दिसतो. आणि एका वेळी एकच काम उघडं ठेवा. नव्या रंगाचा मोह होईल. हातातलं संपेपर्यंत तो दुकानातच राहू द्या. (हा नियम आम्ही स्वतः तीनदा मोडला आहे.)

डब्यात एक छोटी वहीही टाका. तारीख, काय विणतोय, सुई कितीची, लोकर कितीची, आणि आज किती वेळ गेला. एवढंच. वेळेचा रकाना बावळटपणाचा वाटेल. विरंगुळ्याला कसलं आलंय घड्याळ? पण तोच रकाना आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कारण क्रोशाला ‘फावल्या वेळातलं काम’ म्हणण्याची किंमत कुणीतरी मोजलेली आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि तिचा मोठा धंदा झाला, माल परदेशात जाऊ लागला. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांचा अभ्यास करून १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात दिसलं ते असं: तासन्‌तास लेस विणणाऱ्या बाईला कामगार म्हणून कुणी मोजतच नव्हतं. ती ‘गृहिणी’, रिकाम्या वेळात काहीतरी करते, म्हणून मजुरी नाममात्र. व्यापार मात्र पुरुषांच्या हातात. याच नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आयर्लंडचं उदाहरण तर दुष्काळ बघितलेल्या आपल्या भागाला चटकन कळावं. १८४५ पासून काही वर्षं तिथे बटाट्याचं पीक सडत गेलं, लाखो माणसं उपासमारीने आणि रोगराईने गेली. त्या काळात जोगिणींच्या मठांतून आणि काही घरांतून बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली गेली, आणि तिच्या पैशावर अनेक घरांची चूल पेटली. शेत हातचं गेलं तेव्हा उपयोगी पडलेलं हे काम विरंगुळा कसं म्हणायचं?

आणि कापड विकणं आपल्या मातीला नवं नाही. आपलं तेर, म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात नोंद आहे की तगरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जायचं. तेरच्या संग्रहालयात जाल तेव्हा हे आठवा.

आता तुमची वही उघडू. समजा एका बाळटोपड्याला चाळीस रुपयांची लोकर लागली आणि सहा तास गेले. कॉलेजातली मैत्रीण म्हणते, ‘शंभरला दे ना, तुझा टाइमपासच तर आहे.’ शंभरातून चाळीस गेले, राहिले साठ, भागिले सहा. ताशी दहा रुपये. या दरात आपल्या शिवारात खुरपायलाही कुणी येणार नाही. खरा क्रोशा यंत्रावर होत नाही. ऑनलाइन दोनशे रुपयांत क्रोशाचा टॉप दिसला, तर तो एकतर नक्कल आहे किंवा कुणाच्या तरी तासांना काहीच मिळालेलं नाही. मैत्रिणीला फुकट द्यायचं तर खुशाल द्या, भेट म्हणून द्या. विकायचं असेल तर वहीतलं पान दाखवा आणि तासाचा दर लावून बोला. ती नाही म्हणाली तरी चालेल, टोपडं डब्यात राहील, खराब होत नाही.

मुलग्यांनो, हे पान उलटू नका. शेजारी सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या मागावर पुरुष बसत आले. धाग्याला बाई-बाप्या कळत नाही. पोलिस भरतीची तयारी करणाऱ्यालाही रात्री मोबाइल बाजूला ठेवून बोटांना काहीतरी काम हवं असतं.

तर या रविवारी कॉटखालची पिशवी बाहेर काढा. गुंता पंख्याखाली पसरा, टोक शोधा, ओढू नका, सैल करत जा. जे सुटेल ते गुंडाळून डब्यात, जे सुटणार नाही ते कात्रीने कापून उशीत भरायला. मग वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाका आणि वीस साखळ्या घाला. एकविसावी घातली गेली तर उसवा.