मेजावरील ध्वनिपेटीची कैफियत

संगणकासमोर बसून गाणे ऐकणाऱ्यासाठी बाजारात जे स्पीकर मिळतात, त्यांच्या खोक्यांवरील वॅटचे आकडे वाचून एखाद्या भोळ्या गृहस्थाची समजूत अशी व्हावी की, आपण मेजावर ठेवण्याची वस्तू खरेदी करीत नसून गणेशोत्सवाच्या मंडपाची तजवीज करीत आहोत. (पी.एम.पी.ओ. नावाच्या मापाखाली, क्षणमात्र टिकणाऱ्या शक्तीचा आकडा वाटेल तसा फुगवून छापण्याचा शिरस्ता तर कित्येक वर्षे बिनदिक्कत चालू होता.) वस्तुतः हात-दीड हातावरून ऐकणाऱ्याला शक्ती फारच थोडी लागते, आणि म्हणूनच ध्वनियंत्रांच्या साऱ्या प्रांतात हौशी माणसाने स्वहस्ते करावी अशी वस्तू कोणती असेल, तर ती मेजावरची ही छोटी पेटीच होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंतर दुप्पट झाले की थेट कानी येणारा ध्वनी सहा डेसिबलने उतरतो; त्यामुळे २.८ मीटरवरून ऐकताना जी शक्ती खर्ची पडेल, तिच्या सोळाव्या हिश्शात ७० सेंटिमीटरवर तेवढाच थेट ध्वनी मिळतो. शिवाय इतक्या जवळून ऐकताना भिंतींवरून उलटून येणाऱ्या ध्वनीचा अंमल ढिला पडतो, हा लाभ निराळाच.

टंचाईतून उत्तम वस्तू निपजते याचा दाखला बी.बी.सी.ने १९७०च्या दशकात घालून दिला. बाह्य प्रक्षेपणाच्या मोटारीत मोठे स्पीकर मावेनात, तेव्हा तिच्या अभियंत्यांनी, ध्वनिगृहांच्या लहान प्रतिकृतींवरील प्रयोगांसाठी योजलेल्या एका स्पीकरच्या आधाराने, सुमारे पाच लिटर अवकाशाची बंद पेटी सिद्ध केली. ‘एलएस ३/५ए’ ह्या रुक्ष दफ्तरी नावाची ती पेटी रसिक आजही जपून ठेवतात. नवशिक्याने मात्र तिच्या नकलेच्या फंदात पडू नये, कारण दोन ड्रायव्हरांत स्वरांची वाटणी करणारा क्रॉसओव्हर हा मुरलेल्या तज्ज्ञाचा मामला आहे. त्याने तीन इंची, सर्व स्वर एकट्याने काढणारा एकच फुल-रेंज ड्रायव्हर घ्यावा. १२ मिलिमीटर प्लायवुडची, आतून १२ × १८ × १२ सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे २.६ लिटरची हवाबंद पेटी करावी (ड्रायव्हरच्या माहितीपत्रकातील थील-स्मॉल मापे काही निराळे सांगत असतील तर तीच प्रमाण मानावीत); आणि आत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरावा. वायर, टर्मिनल आदी किरकोळ सामग्री पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते.

खर्जाचे काय, असा आक्षेप जाणकार घेतील, आणि तो रास्त आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची. तिथे तीन इंची शंकूचे काही चालत नाही. परंतु जवारी लागलेल्या तारेतून वरचे स्वयंभू स्वर इतके विपुल निघतात की, त्यांवरून कान मूळ खर्जाची जाणीव स्वतःच करून घेतो. डग्ग्याची घुमक मात्र दुबळीच राहील; ज्याला ती सोसवत नाही त्याने ह्या वाटेस जाऊ नये.

पेटीहून अधिक घात करते ते मेज. ड्रायव्हर मेजापासून १५ सेंटिमीटर उंच, कान ४५ सेंटिमीटर उंच आणि दोहोंतील आडवे अंतर ७० सेंटिमीटर असेल, तर मेजावरून उसळून येणारा ध्वनी थेट ध्वनीपेक्षा सुमारे १६ सेंटिमीटर अधिक प्रवास करतो, आणि ११०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे मानवी कंठाच्या ऐन मुलखात, दोघे एकमेकांना खोडू लागतात. पेटी कानाच्या रेषेत उचलून धरली की मेजावरून येणारा मार्ग लांबतो, तिकडे ड्रायव्हरचे तोंडही राहत नाही, आणि गायकाचा गळा मोकळा होतो. चार जाड पुस्तकांनी जे साधते ते महागड्या तारांनी साधत नाही. विक्रेते हे सांगत नाहीत, कारण पुस्तके त्यांच्या दुकानात नसतात.

शाळांतून कार्यानुभवाच्या तासिकेला ज्या शोभेच्या वस्तू करवून घेतल्या जातात, त्यांऐवजी ही पेटी करवून घेण्यास काय हरकत आहे? करवत व सोल्डर मोठ्यांच्या देखरेखीखाली चालवावे, ध्वनीच्या परावर्तनाचे प्रकरण त्याच आठवड्यात शिकवावे, आणि मेजावरील ते १६ सेंटिमीटर मुलांनाच मोजू द्यावेत.